आधी मेसेज, मग फोन

आम्हा गिरगावच्या मित्रांचा एक नियम आहे, आधी मेसेज, मग फोन. तो काटेकोर पाळतो वरच्या मजल्यावरचा विनू. परवा भर दुपारी त्याचा मेसेज आला, "फोन करू का?"

मी जेवत होतो. लिहिलं, "अर्ध्या तासाने कर."

"बरं."

अर्ध्या तासाने फोन आला. "अरे, गच्चीवर पापड वाळत घालत होतो. कुणीतरी जिन्याकडून कडी लावली. भाजून निघालो रे!"

"मग तेव्हाच सांगायचं ना, गाढवा!"

"तूच म्हणालास, अर्ध्या तासाने."

धावत जाऊन दार उघडलं. विनू लालबुंद. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वहिनी. मेसेज न करता, थेट.

विनूने फोन माझ्या हातात दिला. "पापडांचं विचारेल. सांग, अर्ध्या तासाने कर."