नानांचा कासरा

समुद्राचं नाव काढू नका माझ्यासमोर! चाळीसगावच्या माझ्या सासऱ्यांना, नानांना, मी हौसेने मालवणला ट्यूना धरायला नेलं. किनारा दिसेनासा झाला आणि वारा फिरला. होडी हेलकावायला लागली.

"दोऱ्या ओढून घ्या, परत फिरायचं!" होडी चालवणारा तांडेल ओरडला.

तेवढ्यात नानांच्या गळाला मासा लागला. जन्मभर बैल धरलेला माणूस; सवयीने त्यांनी दोरी कासऱ्यासारखी मनगटाला गुंडाळली.

"हाऊ ते बैल शे!" हा तर बैलच, असं अहिराणीत म्हणत नाना हसले, आणि माशाच्या हिसक्याने कमरेपर्यंत होडीबाहेर गेले. मी त्यांचे पाय धरले. लाट आमच्या डोक्यावरून गेली.

"नाना, सोडा!"

"सुटत नही, जावईबापू!"

तांडेलाने सुरीने दोरी कापली.

चाळीसगावला घरी आल्यावर नाना बैल सोडायला गोठ्यात गेले. बैलाने नुसती मान हलवली, तर नानांनी कासरा टाकून भिंत धरली.