एक्कावन्नावं खातं

...नाही, पण मी म्हणतो, माणसानं लिहायचं तरी कुणासाठी? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, दुकान बंद केलं, म्हटलं आता ब्लॉग लिहू. लिहिला! वाचक किती? एक! कोण? थोरले काका! तेसुद्धा वाचून झालं की फोन करणार, "अरे गाढवा, 'किल्ली'ला आधी पहिली वेलांटी, मग दुसरी!"

मेहुणा म्हणाला, "भावोजी, हल्ली वाचक येत नाहीत, बसवावे लागतात!" आणि बसवले की हो पन्नास! खाती आपोआप चालणारी, फोटो हसरे, मागे माणूस एक नाही! माझा लेख गावभर वाटायचा आणि खाली लिहायचं, "अप्रतिम! असंच लिहीत राहा!" हे वाक्यही मीच दिलं, याच फोनवरून, पन्नास वेळा टाइप करून...

मग काय विचारता! लंबकावर लिहिलं, "अप्रतिम! असंच लिहीत राहा!" एकदा चुकून कोरं पान टाकलं... "अप्रतिम! असंच लिहीत राहा!" बायको म्हणाली, "या लेखाबद्दल माझंही तेच मत आहे."

आणि काका वारले हो. खरंच सांगतो, फार लागलं मनाला. रडत रडत लेख लिहिला, पहिलंच वाक्य, "थोरले काका गेले." झालं! मेहुण्यानं सोय करून ठेवलेली, 'गेले' दिसलं की प्रवासाचं काहीतरी लिहायचं! एक विचारतो, "कुठे गेले? फोटो टाका!" दुसरा म्हणतो, "पुढच्या आठवड्यात आम्हीही निघतोय!" तिसरी कोण ती, "सहकुटुंब जा, मजा येईल!" आणि बाकीचे? "अप्रतिम!"

नातेवाईकांनी फोनवर माझी सालटी काढली! मेहुण्याला झापलं, तर म्हणतो कसा, "पण भावोजी, वाचकांचा आकडा बघा ना, आजवरचा सगळ्यात मोठा!"

सगळ्यांपुढे कबुली दिली आणि पन्नासच्या पन्नास खाती उडवली. वाचक किती? शून्य! काकाच नाहीत तर कोण वाचणार? बसलो आपला तोंड पाडून... तेवढ्यात लेखाखाली एक ओळ आली. काकूची! "'स्मृती'ला दुसरी वेलांटी. हे असते तर फोन केला असता."

डोळेच भरून आले हो! खरा वाचक! म्हटलं, हिला स्वतःच्या हातानं उत्तर लिहायचं. 'अगं काकू' लिहायला 'अ' दाबला, डोळ्यांत पाणी, दिसतंय कुणाला, आणि या फोनला लागलेली सवय! पुढचं सगळं त्यानंच भरलं, आणि मी पाठवलं...

"अप्रतिम! असंच लिहीत राहा!"

तेव्हापासून काकू मला नावानं हाक मारत नाही. एक्कावन्नावा म्हणते.