कुणी डावललं, त्याचं नाव

अलाबामातल्या रस्ते खात्याच्या कचेरीत मी बसलो होतो. माझा फॉर्म अजून कोराच होता. मागच्या बाकावर हायवेवर पांढरे पट्टे मारणाऱ्या कंपनीची मालकीण आणि तिचा धाकटा भाऊ कुजबुजत होते.

“ताई, नाव कशाला लिहिलंस?”

“आपण काळे म्हणून आपल्याला कुणी डावललं ते नावानिशी लिहा म्हणतात. नाहीतर डावललेल्यांच्या कंपन्यांना मिळतं ते सर्टिफिकेट नाही, आणि त्याशिवाय सरकारी काम नाही.”

“पण व्हिटकरचं? आज आपल्याला पोटकंत्राटं तोच देतो!”

“हळू बोल, थॅडियस.”

“तो काय म्हणाला होता, तेही लिहिलंस?”

“शब्द न् शब्द. सगळ्या मजुरांसमोर म्हणाला होता ना?”

“त्याच्या कानावर गेलं तर उद्यापासून आपलं मशीन अंगणात गंजत पडेल.”

“मला कळत नाही का?”

काउंटरच्या खिडकीतून हाक आली.

“ओडेलिया प्रुइट! मॅडम, इथलं नाव वाचता येत नाहीये.”

“बरं झालं. ताई, राहू दे तसंच. पाया पडतो तुझ्या.”

“माफ करा हं, हात थरथरत होता. द्या इकडे, पुन्हा लिहिते.”

“ताई, अजूनही थरथरतोय.”

“मग कागद नीट धर.”