ओम सोडून पँट

भालकीहून उदगीरला निघालेल्या बसमध्ये अंबिकेच्या मागच्या बाकावर दोन व्याही बसले होते, मुलाचा बाप व्यंकटअप्पा आणि मुलीचा बाप अंबाजी. अंबिकेनं तोंड खिडकीकडं केलं आणि कान मागं लावले.

"व्याही, ढेकरा कामून द्यायलाव? घ्या, माझी पित्ताची गोळी."

"नको अप्पा. छातीत स्प्रिंग बसवलीया, रक्त पातळ करायची गोळी चालू हाय. डॉक्टर म्हणला, ही ओमेप्राझोल तिला काम करू देत न्हाई."

"नावातच ओम हाय, ती कुणाचं वाईट करती?"

"त्येनं दुसरी दिलीया. पँटोप्राझोल."

"ओम सोडून पँट? जलमभर धोतर नेसलाव की हो!"

"पोटात घालायचीया, कमरंला न्हाई."

"लग्नात माझ्या पाव्हण्यांला भजे गार वाढलाव, मी गप बसलो. आता माझी गोळी बी नको?"

"गार भज्यानं कोण मरत न्हाई, अप्पा. रक्ताची गुठळी झाली तर तुमच्या सुनंला माहेर राहणार न्हाई."

मग व्यंकटअप्पाचा आवाज एकदम खाली आला.

"व्याही, ती पँट एक द्या की."

"तुम्हाला कामून?"

"रक्त पातळ करायची माझी बी चालू हाय. वर्स झालं."

"आन् वर ही ओम?"

"रोज."

"अरे देवा! उतरल्याबरोबर तुमच्या डॉक्टरकडं चला. तंवर रक्ताची गोळी सोडू नका. आन् त्येला इचारल्याबिगर माझी मी देणार न्हाई."

व्यंकटअप्पा पुढं वाकला, थेट अंबिकेच्या कानाशी.

"ऐकलाव न्हवं बाई सगळं? मुलाचा बाप हाय मी. एक पँट मागितली, तर ती बी देईनात!"