देवडीतला नाईक

ऐका. ए भैरू, शेकोटीत लाकूड सार, दात मागनं काढ.

टेकावरची गढी पुण्याच्या एका सायबानं घेतली. कशाला? तर सुट्टीत येऊन हवा खायला! पागेत पोहायचा तलाव केला. आन् देवडीत, म्हंजी दारावरचा पहारेकरी बसायचा त्या जागंत, काय केलं असंल? संडास! इंग्लिश संडास! गढीचा जुना सागवानी दरवाजा काढला, काचंचा बसवला. हसा, हसा.

त्या देवडीत फरशी बसवली माझ्या दाजीनं. हैबती गवंडी, माझ्या भनीचा, अनसाचा, नवरा. काम सपलं तवर दिवस बुडाला. अनसा घरी भाकरी थापून वाट बघतीया. हैबती निघाला. दारातनं भाईर पडला, तर पुन्ना गढीच्या आतच! पुन्ना भाईर. पुन्ना आत. चकवा! ऐकताय न्हवं?

मग कानाशी कुनीतरी खाकरलं. बघतो तर कुनी न्हाई. मग काठी वाजली. ठक. ठक. कुनी न्हाई! मग तलावाकडनं अनसाच्या आवाजात हाक, "अवं, इकडं या!" ह्यो शाना, पाय उचलला न्हाई. वळून बघतो तर काचंचं दार गायब! जागेवर जुना दरवाजा, खिळ्यांचा. आन् म्होरं नाईक उभा, जुन्या पहाऱ्याचा. पागोटं हाय, मिशा हाईत, पाय मातूर भुईला न्हाईत!

"सांज झाली. दार बंद," नाईक म्हनला.

हैबतीनं लोटांगन घातलं. "चुकलो, नाईक. पोटासाठी केलं. बायकू उपाशी बसलीया, सोडा."

नाईकानं काठीनं त्याला उठीवलं. मग त्यानं मोठ्या दारातलं बारकं दार उघडलं. "जा. परत हितं फिरकू नगंस."

वाकून भाईर पडला. सुटला, पोरांनो, सुटला! आन् तोंडातनं काय निघालं? आपन सगळीच निघताना म्हनतो ते.

"येतो, नाईक."

घात झाला!

"ये," नाईक म्हनला. "वाट बघतो."

दुसऱ्या दिशी दिवस बुडाला आन् हैबती जेवता जेवता उठला. शबुद दिलाय म्हनला. आमी धरला, बांधला, देवरुषी आनला. दोराच्या गाठी तशाच ऱ्हायल्या, मानूस गेला. सायबानं वॉचमन ठेवलाच न्हाई, पर पाव्हनं म्हनत्यात, दारावर दोघं उभं अस्त्यात, लई अदबीनं.

अनसा गेली गढीवर, मी मागं. हैबती दारातच. तिनं हाका मारल्या, पदर पसरला. त्यानं वळखलं न्हाई. मुजरा केला आन् म्हनला, "सांज झाली, बाई. दार बंद."

मी भाऊ असून नुसता उभा. लई वंगाळ वाटतं रं अजून.

म्हनून सांगतो, त्या वाटंला जाऊ नगा. सायेब बलवू द्या, काम देऊ द्या, जाऊ नगा. त्या दिशी अनसा माघारी फिरताना दारात थांबली. येते म्हनावं तर तीबी अडकली. आन् जाते म्हनावं, तर नवऱ्याला तसं कोन म्हनतं? तोंडाला पदर लावला आन् मुकीच गढी उतरली.