कुसुमबाईचा फळा

हे सांगणं मी लई वर्षं टाळलं. कोणी वाचनालयाचा विषय काढला की मी दुसरंच बोलायचो. आता ऐंशी झाले, आता काय टाळू, घ्या लिहून.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडले. वडील रेल्वेत, म्हणून रायपूर. मी सरकारी दफ्तरात बाबू, अन् संध्याकाळी ब्राह्मणपाऱ्यातलं मराठी वाचनालय पाहायचो, बिनपगारी. दारात काळा फळा होता. नवीन पुस्तकं आली की मी खडूनं लिहायचो, कोणतं काहून वाचावं. कादंबरी, प्रवास, रहस्यकथा, कविता, स्वयंपाकाचंसुद्धा. लोक फळा पाहूनच पुस्तक मागायचे. म्हणायचे, भाऊ किती वाचतात!

काय सांगू तुम्हाला, मी पेपर सोडून काही वाचत नव्हतो. वाचायची कुसुमबाई. तिचा नवरा शहराबाहेर उरला गावी, तिथल्या कारखान्यात, अन् ती आमच्या नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची. घरी न्यायची, पण वाचल्याशिवाय कव्हर घालायची नाही, नियमच होता तिचा. परत आणली की एकेक टेबलावर ठेवून सांगायची. हे रहस्याचं, खुनी पहिल्याच पानावर समजते, पण पोलिसाची बायको मस्त हाय, तिच्यासाठी वाचा. हे प्रवासाचं, माणूस हिमालयात गेला अन् सारा वेळ आपल्या पोटाबद्दलच बोलून राहिला. हे कवितेचं, रोज एकच वाचा, दोन वाचल्या तर जेवण जात नाही. मी हसायचो, अन् तेच जरा शुद्ध करून फळ्यावर उतरवायचो. खाली नाव माझं.

मग नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, वाचनालयाले मोठी जागा मिळाली. त्या कार्यक्रमात माझा सत्कार, शाल, नारळ, हर प्रकारचं पुस्तक वाचणारा माणूस म्हणून. एका पाहुण्यानं कव्हरं पाहून कुसुमबाईले विचारलं, दीदी, आप भी पढ़ती हैं? ती माझ्याकडे पाहून राहिली. मी म्हटलं, ती काय वाचते, ती कव्हर घालते. लोक हसले. ती पण हसली.

त्यानंतर पुस्तकं दुसऱ्याच दिवशी परत यायची, कव्हर घालून, चूपचाप. मी विचारलं, कशी आहेत? म्हणे, मले काय समजते भाऊ, मी कव्हरवाली. मग मी तिनंच घातलेली कव्हरं काढून पुस्तकामागचा मजकूर उतरवू लागलो. वर्षभरात लोकांनी फळा वाचणं सोडलं.

एकदा उरल्याले तिच्या घरी गेलो, माफी मागायलेच. तिच्या पोट्टीनं विचारलं, माँ, ये कौन हैं? ती म्हणे, फळेवाले भाऊ. चहा दिला. वाक्य तोंडात तयार होतं, रस्ताभर घोकलं होतं. अन् बोललो काय, तर नवीन पुस्तकं आली आहेत, घेऊन जा. ती मान हलवून म्हणाली, हव.

ती गेली, त्यालेही बरीच वर्षं झाली. घोकलेलं वाक्य अजून पाठ आहे. कुसुमबाई, वाचलं तुम्ही, मी नुसतं अक्षर काढलं, अन् चार लोकांत तुमचंच हसं केलं, चुकलो.