शेजारच्या घरची चौकशी

—अहो, त्यात तसदी कसली? बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे बसा. शेजारच्या दाराला कुलूप आहे ना? असणारच. दोघी मायलेकी सकाळीच बाजारात गेल्यात — नोकरीवर जायला कपडे हवेत ना! तुमच्या कंपनीचं पक्कं पत्र अजून यायचंय, तुमची ही चौकशी व्हायचीय, आणि यांची खरेदी सुरू. बाजारात तुरी आणि — असो. मी कशाला बोलू? मी आपली शेजारीण. तुम्हाला शेजाऱ्यांनाच विचारायचं असतं ना, मुलगी कशी आहे, घर कसं आहे? नातेवाइकांना नाही विचारत? बरोबर आहे, नातेवाईक काय, गोडच बोलणार. मग तुम्ही अगदी योग्य दारात आलात. विचारा काय विचारायचं ते.

मुलगी चांगली आहे. आधीच सांगून ठेवते, माझ्या तोंडून कुणाचं वाईट निघायचं नाही. हुशार आहे, नाकारून कसं चालेल? तुमच्या त्या नवपदवीधरांच्या भरतीला हजारांनी पोरं बसतात आणि तुम्ही घेता मूठभर, त्या मुठीत ही आली म्हणजे काही तरी असणारच की. दोन वर्षं सगळ्या खात्यांतून फिरवता, शिकवता, आणि मग जन्माची खुर्ची. अशी नोकरी लागली की बँक दारात येते, मुली सांगून येतात — मुलगा असला तर, म्हणते मी. कौतुकच आहे तिचं. फक्त, हे लिहू नका हं, फक्त जरा शिष्ट आहे. जिन्यात भेटली की हसते, नाही असं नाही, पण ते हसणं कसं, तर आपल्यावर उपकार केल्यासारखं. आणि पोटात एक, ओठात एक. आईचा गुण, दुसरं काय. खाण तशी माती. आईला तर काय, घरात पाय ठेवला तेव्हापासून सगळं आपल्याकडे ओढायची सवय — म्हणजे त्यांच्या घरात. ऐकून आहे मी.

मला कसं ठाऊक म्हणजे? अहो, भिंत केवढीशी आहे! ही बघा — वाजवून बघा, डबा वाजतो तशी वाजते. हा हॉल पूर्वी केवढा होता माहितीय? पार त्यांच्या त्या खिडकीपर्यंत. मधोमध भिंत घातली, तीही स्वस्तातली, आणि झालं काय, पंखा गेला तिकडे आणि बटण राहिलं इकडे! वर्षभर हो. ऐन उन्हाळ्यात दुपारी जाऊबाई जरा आडव्या झाल्या की मी इकडून — टक. मग त्या उठायच्या, स्टुलावर चढून पंखा हलवून बघायच्या, मिस्त्रीला बोलवायच्या. मिस्त्री आला की मी बटण चालू करायची. तो म्हणायचा, बाई, पंखा तर चांगला चाललाय! अजून आठवलं की हसू येतं बघा मला —

कोण जाऊबाई? म्हणजे... आता तुम्ही असं शब्दात पकडणार असाल तर कसं व्हायचं? बरं, आहे जाऊ. सख्ख्या दिराची बायको. मग? सासरे गेले, वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, बोलणं बंद झालं. ज्या नात्यात बोलणं नाही ते कसलं नातं? शेजारच की तो! तुम्ही त्या फोनमध्ये 'शेजारीण' लिहिलंय ना, तेच राहू द्या. खोटं काहीच नाही त्यात.

तर भिंतीतून सगळं ऐकू येतं. तुमची मुलाखत जवळ आली तेव्हा तिकडे नुसतं घोकणं चाललेलं. माझ्या जमेच्या बाजू अमुक, माझा दोष तमुक. दोष काय, तर म्हणे 'मला कुणालाही नाही म्हणता येत नाही.' ऐका! हा दोष झाला? मी फार म्हणजे फारच चांगली आहे हो, एवढाच काय तो माझा दोष! आणि इकडे आमचा मुलगा खाटेवर पडून ऐकत असायचा. हो, आमचाही बसला होता भरतीला, त्यात लपवायचं काय? तिच्याहून वर्षानं मोठा. उलट जाहिरात पहिल्यांदा त्यानं पाहिली आणि त्यानंच तिला जिन्यात थांबवून सांगितलं, 'ठकी, तूही अर्ज कर.' ठकीच म्हणतो तिला, लहान होती तेव्हापासून. आमची भांडणं त्या दोघांपर्यंत कधी पोचलीच नाहीत. मी म्हटलं त्याला, अरे गाढवा, आपल्या पायावर आपण धोंडा पाडून घेतोयस. ऐकेल तर शपथ!

आणि पडलाच ना धोंडा! तुमच्या ऑफिसात ती एक फेरी असते बघा, टेबलाभोवती पोरं बसवता, एक विषय देता आणि म्हणता, बोला आता आपसात. दोघं एकाच टेबलाला आले. नशीब म्हणतात ते हे. आमच्यानं सुरुवात केली — पहिला तोच बोलला, हे कुणी लिहिलंय का तुमच्याकडे? पहिला तो बोलला! — पण त्याचं कसं आहे, बोलताना मध्येच अडतो. लहानपणापासून आहे ते. मनात सगळं तयार असतं, जीभ दगा देते. थोडं थांबलं की सुटतो आपोआप, घरात आम्ही थांबतो. पण ही थांबली नाही. ही म्हणाली काय, 'दादाला असं म्हणायचंय की —' आणि त्याचाच मुद्दा घेऊन धडाधडा बोलत सुटली. दादा! अहो, तिथं सूट-बूट घालून बसलेल्या पोरांत, तुमच्या साहेबांच्या समोर — दादा! सगळे हसले. साहेबसुद्धा हसले म्हणे. भोकाड पसरणाऱ्या भावाला घेऊन आलेली बहीण असावी तसं झालं ते. तिथून पुढे आमच्यानं तोंड उघडलं नाही. तिला मिळाली नोकरी, 'दुसऱ्याला सांभाळून घेते' म्हणून शाबासकीसकट. आणि त्याला मिळालं काय, तर प्रतीक्षा यादीत पहिला नंबर.

म्हणे मदतीला धावली! केसानं गळा कापला, दुसरं काही नाही. घरी आला आणि त्या खोलीत शिरला तो आजतागायत बाहेर नाही. ताट आत नेऊन ठेवते, तसंच परत आणते. माझ्याशी हो-नाही एवढंच. तेवीस वर्षांचा घोडा झालाय, पण आतून रडण्याचा आवाज येतो, आणि मी इथं स्वयंपाकघरात उभी राहून — मला कुणाचं घर जाळावंसं वाटत असेल तेव्हा, सांगा! आणि जाऊबाईंनी काय करावं? इतक्या वर्षांचा अबोला सोडून गोडाचा डबा घेऊन दारात. 'वहिनी, तोंड गोड करा.' मी दार लावलं तोंडावर. तेव्हाच ठरवलं, हे गोड तुझ्या घशाखाली उतरू देणार नाही. देव आहे वर. तुम्ही आलात की नाही?

नाही नाही, उठू नका! एवढं रामायण ऐकलंत, आता खरं ते ऐका. पहिल्या नंबरचा अर्थ मला ठाऊक आहे, एक जागा रिकामी झाली की तो आत. आणि जागा रिकामी कशी होते, तर चौकशीत काही निघालं की. मग निघालंय असं समजा. तुमची ही गुणाची मुलगी ना, दुसऱ्याच्या नावानं परीक्षा देते. — आता कसे सरळ बसलात! हो, तुमचीच परीक्षा. ती पहिली फेरी, घरी बसून कॉम्प्युटरवर द्यायची, कॅमेरा-बिमेरा काही नसतो तिला. स्वतःची दिली, आणि दुसऱ्या दिवशी बसून दुसऱ्या उमेदवाराची पण दिली. अगदी टकाटक, हसत खेळत. माझ्या डोळ्यांदेखत. मी चहा नेऊन दिला की तिला, हाताच्या कांकणाला आरसा कशाला? आज हे करते, उद्या तुमच्या ऑफिसात काय करेल? काढा तिला. आजच्या आज काढा. लिहा ना, थांबलात का?

कुणाची म्हणजे? एका उमेदवाराची. नाव काय करायचंय तुम्हाला? चोर सापडला ना, मग कुणाच्या घरात शिरला होता ते कशाला... चहा? चहा मी कुठं नेऊन दिला? तिकडे — नाही, तिकडे कशी जाईन मी, आमचं बोलणं नाही. म्हणजे इथंच. भिंतीतून दिसलं मला. भिंतीतून चहा कसा — अहो, तुम्ही वकील आहात का? साध्या बाईला किती कोड्यात घालायचं! इथं बसली असेल. येते ती कधी कधी. मुलाकडे. आई बाहेर गेली की.

आणि खरं सांगायचं तर ती देत नव्हती हो. 'काकू, हे बरं नाही दिसत, दादाला जमेल की, त्याला लिहिताना थोडंच अडायला होतं?' मीच म्हटलं, अगं, घड्याळ लावलेलं असतं त्या परीक्षेला, त्याचे हात कापतात. तुझी आई तुला टाकून कामावर जायची तेव्हा कुणाच्या मांडीवर वाढलीस? तापानं फणफणलीस तेव्हा रात्रभर कोण बसलं होतं? तेव्हा मुकाट बसली. डोळे पुसत पुसत दिली. मी सांगितल्यावर काय बिशाद आहे तिची —

हे नाही लिहायचं. हे मी तुम्हाला घरचं म्हणून सांगितलं. पुसा ते. पुसलंत? दाखवा. अहो, मी म्हणते त्याचा अर्थ तसा नव्हता, मी आपली बोलण्याच्या ओघात, मला रक्तदाब आहे, गोळी घेतली नाही सकाळपासून — त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं हो! तो नको म्हणत होता! माझ्या मुलाचं नाव कुठेही —

तू का उठलास? आत जा. काही नाही, कंपनीचे आहेत, ठकीची चौकशी करायला आलेत. जा म्हणते ना. हे तुझ्या कामाचं — काय? साहेब, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, पोटात अन्न नाही त्याच्या किती दिवस. काय बोलतोयस तू? 'तिला मी सरावाची परीक्षा म्हणून बसवलं' — कधी? कधी बसवलंस? 'तिला काही माहीत नव्हतं, आईलाही नाही, आई रागात काहीही बोलते' — अरे पण मी इथं... अरे, सगळं एका दमात म्हणालास की रे. एकदाही अडला नाहीस. इतक्या दिवसांनी तोंड उघडलंस आणि बोललास काय, तर हे? तुझ्यासाठी मी इथं जिवाचं रान करतेय आणि तू स्वतःच्या हातानं — साहेब, खोटं बोलतोय तो! धादांत खोटं!

काय? मला विचारताय? त्याचं खरं की माझं?

थांबा. मला जरा नीट समजू द्या. तो म्हणतो ते खरं धरलंत तर त्याचं नाव यादीतून गेलं. कायमचं. बरोबर? आणि माझं खरं धरलंत तरी गेलंच. म्हणजे माझा दोन्हीकडून बुडाला. फक्त माझ्या सांगण्यात ती पण बुडते. हो ना? मग माझा घरात बसणार आणि तिनं का म्हणून वाचायचं? रोज सकाळी ती ऐटीत जिना उतरणार आणि मी आत तिच्या पावलांचा आवाज ऐकत बसू? नाही जमायचं. मला नाही जमायचं ते. लिहा तुम्ही. त्या मुलीनं सगळं ठाऊक असून, पूर्ण शुद्धीत —

असा बघू नकोस माझ्याकडे. बघू नकोस म्हटलं ना. आई आहे मी तुझी, वैरीण नाही. त्या बयेनं भर सभेत हसं केलं तुझं, आणि तू तिच्यासाठी... हात जोडतोस? मला? अरे, खाली कर ते हात. परक्या माणसासमोर आईला हात जोडतात का कुणी? खाली कर रे. बाळा, खाली कर.

...हो. तो म्हणतो तसंच. त्यानंच बसवलं असेल तिला. मला त्यातलं काही कळत नाही आणि काही ठाऊक नाही, मी बरळले. लिहिलंत? वाचून नका दाखवू. आणि तिकडे सांगायला जाऊ नका की काकूंनी वाचवलं म्हणून. सांगितलंत तर मी तोंडावर नाही म्हणेन. झालं ना तुमचं? मग उठा आता, आम्हाला कामं आहेत.